गेटसमोरची गाडी आणि छातीतली धडधड

रात्रीचे साडेनऊ. कोथरूड, सहकारनगर, डोंबिवली, नाशिक. गाव कुठलेही घ्या, गल्ली ओळखीचीच निघेल. तीन मजली जुनी सोसायटी आणि तिच्या फाटकासमोर आडवी लावलेली पांढरी गाडी. दुसऱ्या मजल्यावरचे सत्तरीचे काका जेवणाचे ताट तसेच ठेवून खाली उतरतात. गाडीवाला समोरच्या इमारतीतला भाडेकरू निघतो.

"काका, दोनच मिनिटं. सामान ठेवून येतो."

"अहो, कालही दोनच मिनिटं होती!"

"मग काय झालं? रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?"

"फाटक तर आमच्या मालकीचं आहे ना?"

एव्हाना दोन्हीकडच्या बाल्कन्यांत माणसे जमलेली असतात. काकांच्या बाजूने कुणीतरी वरून आवाज चढवतो, गाडीवाल्याच्या बाजूने त्याचा मित्र खाली येतो, आणि पंधरा मिनिटांनी गाडी निघते. वाहतूक विभागाच्या दृष्टीने विषय संपला. काका मात्र वर येतात तेव्हा हात थरथरत असतात, आमटी गार झालेली असते आणि रात्री बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

या काकांना मधुमेह असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर या पंधरा मिनिटांची किंमत नुसत्या गार आमटीपेक्षा जास्त असू शकते. रागाचे शरीरशास्त्र आता बऱ्यापैकी माहीत आहे. मेंदूतील अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातील प्लेटलेट अधिक चिकट होतात. वाघ समोर आला तर हे सगळे उपयोगाचे आहे. हॅचबॅक समोर आली तर फारसे नाही.

कोलंबिया विद्यापीठातील डॉ. दाइची शिम्बो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यांनी २८० निरोगी प्रौढांचे गट पाडले. एका गटाला राग आणणारा जुना प्रसंग आठवायला सांगितला, दुसऱ्याला चिंतेचा प्रसंग, तिसऱ्याला उदास करणारी वाक्ये वाचायला दिली आणि चौथ्या गटाने नुसते शंभरपर्यंत अंक मोजले. हे सगळे आठ मिनिटे. त्यानंतर रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता मोजली. राग आठवणाऱ्यांत ती कमी झाली होती आणि हा परिणाम ४० मिनिटांपर्यंत टिकला. चिंता आणि उदासीच्या गटांत तसे ठळकपणे दिसले नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या लोकांशी प्रत्यक्ष कुणीही भांडले नव्हते. त्यांनी फक्त भांडण आठवले होते.

याच्या दहा वर्षे आधी, २०१४ मध्ये, हार्वर्डच्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये मांडले. रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता इतर वेळेच्या तुलनेत जवळपास पाचपट आढळली. पाचपट हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही, कारण मुळात दोन तासांच्या कुठल्याही अवधीत झटका येण्याची शक्यता फारच थोडी असते. त्याच संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे, हृदयविकाराचा धोका कमी असलेल्या आणि महिन्यातून एकदाच असा भडका उडणाऱ्या दहा हजार लोकांमागे वर्षाला एखादाच जादा झटका येतो. ज्यांना आधीच धोका जास्त आहे त्यांच्यात हा आकडा चारच्या आसपास जातो. पण दिवसातून अनेकदा भडकणाऱ्या माणसांच्या बाबतीत तोच हिशेब शेकड्यांमध्ये पोहोचतो. एकदाच झालेले भांडण आणि रोजचे भांडण यांत असा फरक आहे.

आणि पार्किंगचे भांडण हे जवळजवळ नेहमीच रोजचे असते. सिग्नलवर कुणी आडवा आला तर तो पुढच्या चौकात नाहीसा होतो, त्याचा चेहराही आठवत नाही. गल्लीतला माणूस मात्र सकाळी दूध आणायला जाताना दिसतो, त्याची गाडी खिडकीतून दिसते, रिव्हर्स घेतानाची तिची शिट्टी झोपेतही ओळखता येते. मनात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घोळवला की खाली आलेला रक्तदाब परत चढतो, हे प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसले आहे. लक्ष दुसरीकडे गेले तर तो लवकर उतरतो. पण कारणच खिडकीखाली उभे असेल तर लक्ष दुसरीकडे जायचे कसे?

मुळात दहा-बारा चौरस मीटर डांबरासाठी समजूतदार माणसे इतकी का पेटतात, हा प्रश्न पर्यावरण मानसशास्त्राला जुना आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयर्विन ऑल्टमन यांनी १९७५ मध्ये माणसाच्या जागांचे तीन प्रकार सांगितले होते. पहिली पूर्ण आपली, म्हणजे घर, खोली. तिसरी सगळ्यांची, म्हणजे बसथांबा, बाग. भांडणाचे मूळ असते ते मधल्या जागेत: कायद्याने आपली नाही, पण रोजच्या वापराने आपली वाटू लागलेली. कट्ट्यावरची ठरलेली जागा, लोकलमधली ठरलेली सीट आणि कंपाउंडच्या भिंतीलगतचा रस्त्याचा पट्टा या तिन्हींची जात एकच.

हा पट्टा आपला असल्याचे जाहीर करायच्या आपल्या पद्धतीही ठरलेल्या आहेत. सिमेंट भरलेले रंगाचे डबे, जुने टायर, दगड, तुळशीची नाही पण क्रोटनची कुंडी, आणि अर्थात पाटी. 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी पुण्यात इतक्या ठिकाणी आहे की ती छापील मिळते. हवा सोडणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो ही एक गोष्ट. दुसरी अशी की हवा सोडलेली गाडी हलत नाही, त्यामुळे ज्या फाटकासाठी ती सोडली ते फाटक आणखी चार तास अडलेले राहते. राग हिशेब करत नाही याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे सापडणे अवघड.

कायदा इथे दोघांनाही अर्धे-अर्धे बरोबर ठरवतो. दुसऱ्याच्या प्रवेशद्वारात अडथळा होईल अशी गाडी उभी करायला वाहन नियमांनी मनाई आहे. तेव्हा फाटकाबद्दल काका बरोबर. पण फाटक सोडून भिंतीलगतचा जो रस्ता आहे तो महापालिकेचा. तिथे कुंडी ठेवून जागा राखण्याचा अधिकार कुणालाच नाही, मग ती सोसायटी पन्नास वर्षे जुनी असली तरी. अशा वादांत बहुतेकदा फाटकाचा हक्क आणि भिंतीचा हक्क एकत्र करून मांडला जातो आणि तिथेच गाडी अडते.

वापरातून मालकीची भावना किती लवकर तयार होते याचा एक गमतीदार अभ्यास १९९७ मध्ये झाला. अमेरिकेतील एका मॉलच्या वाहनतळावर संशोधक निघणाऱ्या गाड्यांची वेळ मोजत बसले. कुणी वाट पाहत नसेल तर चालक साधारण ३२ सेकंदांत जागा सोडत होते. दुसरी गाडी वाट पाहत उभी असेल तर ३९ सेकंद. आणि तिने हॉर्न वाजवला तर ४३. म्हणजे जी जागा सोडून जायचेच आहे, जिचा आता काहीही उपयोग नाही, तीसुद्धा दुसऱ्याला हवी आहे म्हटल्यावर हातातून सुटेना. यात मुद्दाम छळण्याचा हेतू असेलच असे नाही. बहुतेकांना आपण जास्त वेळ लावला हे कळलेही नसेल.

दुसऱ्याच्या हेतूबद्दलचा आपला अंदाज हाही भांडणाचा मोठा भाग असतो. आपण फाटकासमोर गाडी लावली तर तिला कारण असते: आई आजारी, पाऊस, दोन मिनिटांचे काम. समोरच्याने लावली तर त्याला कारण नसते, त्याचा स्वभाव असतो. 'माजलाय' हा शब्द पार्किंगच्या भांडणात जितक्या लवकर येतो तितका दुसऱ्या कुठल्या भांडणात येत नसेल. मानसशास्त्रात या चुकीला नाव आहे आणि १९७७ पासून तिच्यावर ढीगभर लेखन झाले आहे. ते वाचलेली माणसेही गेटसमोर उभी राहिली की हेच करतात.

स्वभावाला दोष देताना भूमिती विसरली जाते. एका मोटारीला उभे राहायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्यात सहा स्कूटर बसतात. जुन्या सोसायट्या बांधल्या गेल्या तेव्हा पुणे सायकलींचे शहर होते. त्यांच्या नकाशात मोटारीला जागा नाही, यात वास्तुविशारदाची चूक नव्हती. २०१८ च्या सुमारास पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या बरोबरीला आली. यातली कित्येक भंगारात गेलेली असतील हे धरले तरी उरलेली कुठेतरी उभी राहणारच. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप सांगत असत की खासगी मोटार तिच्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ नुसती उभी असते. हा ९५ टक्के काळ कुणाच्या दारात घालवायचा, एवढाच खरे तर गल्लीतला वाद आहे.

आता थोडे टेप घेऊन मोजू. जुन्या भागातील गल्ली सहा मीटरची धरा. मोटार सुमारे पावणेदोन मीटर रुंद, भिंतीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर सोडून लावलेली, म्हणजे एका बाजूने दोन मीटर गेले. दोन्ही बाजूंना गाड्या असतील तर मध्ये उरतात दोन मीटर. नेहमीच्या वापरातील रुग्णवाहिका आरशांसकट यातून जेमतेम जाईल किंवा जाणार नाही. अग्निशमन दलाची गाडी सुमारे अडीच मीटर रुंद असते. ती जाणारच नाही. गाड्या एकाच बाजूला असतील तर मात्र मध्ये चार मीटर मोकळे राहतात आणि दोन्ही वाहने सहज आत येतात. पुण्यातील 'पी १', 'पी २' या गंजलेल्या पाट्यांमागचे गणित एवढेच आहे: सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. लोक त्यांना पोलिसांची कटकट समजतात. प्रत्यक्षात ती मधली चार मीटरची पट्टी गल्लीतल्या प्रत्येक आजारी माणसासाठी राखलेली असते. पद्धतीत खोट नाही असे नाही. एकतीस दिवसांच्या महिन्यानंतर एकतीस आणि एक या लागोपाठ दोन विषम तारखा येतात, आणि गावाला गेलेल्या माणसाची गाडी तारीख बदलली म्हणून आपोआप पलीकडे सरकत नाही. ज्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या रहिवाशांची बोलाचाल बंद आहे, तिथे या एका दिवसावरून चौकीपर्यंत जाण्याची तयारी असते.

चार मीटरची ही पट्टी वेळेच्या भाषेत मोजली की तिचे मोल कळते. पक्षाघातात मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर उपचार मिळेपर्यंत दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि तो आता सर्वत्र वापरला जातो. हृदय अचानक थांबले तर छातीवर दाब देणे आणि विजेचा धक्का यांशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कोपऱ्यावर लावलेल्या एका गाडीमुळे रुग्णवाहिकेला वळण घेता आले नाही, स्ट्रेचर मुख्य रस्त्यापासून चालत आणावे लागले, तर पाच मिनिटे सहज जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाच्या वाहनाला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ही तरतूद बहुतेकांना चालत्या गाड्यांपुरती वाटते. उभी गाडी वाट अडवते तेव्हा तिचा मालक झोपलेला असतो, इतकाच फरक.

निवासी रस्त्यावर बाहेरच्यांना गाडी लावू द्यायची की नाही, हा वाद अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन कौंटीत क्रिस्टल सिटी नावाचा कार्यालयांचा मोठा परिसर आहे. तिथले नोकरदार सकाळी शेजारच्या वस्तीत गाड्या लावून कामाला जात. १९७२ मध्ये कौंटीने नियम केला की कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळेत तिथे फक्त रहिवासी आणि त्यांच्याकडे कामाला आलेल्यांनीच गाडी लावावी. नोकरदार न्यायालयात गेले, राज्याच्या न्यायालयात जिंकलेही. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. नियमाची कारणे म्हणून कौंटीने जे लिहिले होते ते आरोग्य विभागाच्या कागदात शोभले असते: दूषित हवा, गोंगाट, कचरा, मुलांची आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता. त्यानंतर रहिवासी परवान्याची पद्धत अनेक शहरांनी उचलली. तिची मर्यादाही लवकरच दिसली. परवाना बाहेरच्याला रोखतो, गल्लीतल्या घरामागे दोन-तीन गाड्या असतील तर त्यांना नाही.

जपानने १९६२ मध्येच दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. गाडी घेण्याआधी घरापासून ठरावीक अंतरात, आता ते दोन किलोमीटर आहे, ती उभी करायची जागा आपल्याकडे असल्याचे पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. महाराष्ट्रातही परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे जाहीर केले, आणि गल्लोगल्ली चर्चा सुरू झाली. त्याआधीचा पुण्याचा अनुभव फारसा आशादायक नाही. मार्च २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केले, रस्त्यावर गाडी लावायला पैसे पडणार म्हटल्यावर जोरदार विरोध झाला, धोरण पाच रस्त्यांच्या प्रयोगापुरते आटोपले आणि तेही वर्षानुवर्षे रखडले. फुकट मिळणारी वस्तू पुरत नाही म्हणून भांडायचे आणि तिची किंमत ठरवायला निघाले की त्याहून जोरात भांडायचे, हे काही फक्त पुण्याचे वैशिष्ट्य नाही. तरी पुण्याने त्यात बरीच प्रगती केली आहे.

या सगळ्यात आरोग्याचे सर्वांत मोठे नुकसान मात्र हृदयाच्या आलेखात दिसत नाही. शहररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील तीन सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांवर राहणाऱ्यांची चौकशी केली. एकावरून दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जात, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरच्या माणसाला गल्लीत सरासरी तीन मित्र होते, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर एकही धड नाही. 'माझे घर' म्हणून लोकांनी नकाशावर जो भाग रंगवला, तो शांत रस्त्यावर अख्ख्या गल्लीएवढा होता आणि गजबजलेल्या रस्त्यावर दारापाशीच संपत होता. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने गेले.

शेजारी असणे ही नुसती सोय नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात ज्यांची माणसांशी नाती भक्कम होती त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली. मुलगा बंगळुरूत, मुलगी न्यू जर्सीत आणि घरात सत्तरीचे दोघेच, अशी घरे महाराष्ट्राच्या शहरांत गल्लीगणिक आहेत. रात्री दोन वाजता काकांच्या छातीत दुखले तर काकू आधी दार कुणाचे वाजवणार? १०८ ला फोन केल्यानंतरही पहिली आठ-दहा मिनिटे हातात असतात ती शेजाऱ्याच्याच. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणे हे सत्तरीच्या काकूंच्या ताकदीचे काम नाही. ते पस्तिशीच्या माणसाचे काम आहे, आणि गल्लीतला पस्तिशीचा माणूस बहुतेकदा तोच असतो, पांढऱ्या गाडीवाला.

म्हणून काही सोसायट्यांत जे साधे उपाय दिसतात त्यांची चेष्टा करू नये. काचेआड फोन नंबरची चिठ्ठी ठेवली की खाली उतरून ओरडण्याऐवजी फोन करता येतो. एकाच रंगाने फाटकाची हद्द आणि वळणाचा कोपरा आखला की 'इथे चालते का' हा वादच उरत नाही. समोरासमोरच्या सोसायट्यांनी पार्किंगची बैठक रविवारी सकाळी चहाबरोबर घ्यावी, रात्री साडेनऊला फाटकावर नव्हे. आणि राग आलाच असेल, तर बोलणे उद्यावर टाकून दोन चकरा मारून येणे यात हार नाही. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर खाली उतरायचे काम दुसऱ्या कुणावर सोपवावे.

भांडणानंतर छातीत दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दम लागणे असे काही झाले आणि ते काही मिनिटांत ओसरले नाही, तर त्याला गॅस किंवा पित्त म्हणून सोडा पिऊन झोपू नये. मधुमेह असलेल्यांना आणि अनेक स्त्रियांना कळ येतही नाही, नुसता थकवा आणि मळमळ जाणवते. लगेच १०८ ला फोन करावा, पत्ता सांगताना रुग्णवाहिका कोणत्या बाजूने आत येऊ शकते तेही सांगावे, आणि कुणाला तरी गल्लीच्या तोंडाशी उभे करावे. फाटकासमोर गाडी असेल तर ती कुणाची आहे हे त्या वेळी माहीत असलेले बरे.